चरईच्या लग्नाला निघालेला मामा

बसा मंडळी, नीट टेकून बसा. कुणाला तंबाखू मळायची असेल तर आत्ताच मळून घ्या, मध्ये चुळबुळ नको. आज तुम्हाला एका सुताराची गोष्ट सांगतो. कल्याणहून ठाण्याला जायची. तुम्ही म्हणाल, कल्याण ते ठाणं, त्यात गोष्ट ती काय? तिकीट काढलं, गाडीत बसलं, ठाण्याला उतरलं. अरे, तेच तर सांगतोय. तेवढ्याशा रस्त्यात एका माणसाची सख्खी बहीण तुटली. सुरुवातीला तुम्हाला हसू येईल. हसून घ्या. मीही हसलेलो. पुढं नाही येणार.

तर सुताराचं नाव सहदेव. आमच्याच वाडीतला, घोटीच्या अलीकडं. हात असा की त्यानं गाडीचं चाक बसवलं की पंधरा वर्षं बघायला नको. बोलायला मात्र कंजूष. त्याला एकच बहीण, गोदा. नऊ वर्षांनी धाकटी. आई लवकर गेली, तर यानंच तिला कडेवर घेऊन रंधा मारला म्हणा ना. पुढं तिचं लग्न लावून दिलं ठाण्याच्या प्रभाकरशी. प्रभाकरही सुतारच, पण कापडगिरणीत पगारावर. चरईत चाळीत दोन खोल्या. त्यांना एकुलती एक मुलगी, हेमा. सहदेवला मूलबाळ नाही, तेव्हा त्याचा सगळा जीव त्या भाचीवर.

आता एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं शुभ कामाला निघालेल्या माणसाला "कुठं चाललास" असं विचारत नाहीत. शेंबडं पोरसुद्धा नाही विचारत. फार तर "लांब निघालास का?" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. विचारलंच कुणी, तर त्या माणसानं तिथल्या तिथं खाली बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं, देवाचं नाव घ्यायचं, आणि आत्ताच घरातून निघालो असं समजून उजवा पाय पुढं टाकायचा. मग बाधत नाही. तुमच्या आज्यांना विचारा, सांगतील.

सहदेव हे असलं काही मानणारा नव्हता. अठ्ठेचाळीस साली हेमाचं पहिलं लग्न जुळलं, सिन्नरकडचा मुलगा. सुपारी फोडायला सहदेवच निघाला. वेशीवर कुणीतरी गडी म्हशी घेऊन येत होता. तो म्हणाला, "काय मिस्त्री, कुठं?" सहदेव हसला, म्हणाला, "भाचीची सुपारी फोडायला." आणि तसाच पुढं गेला. बसला नाही. सुपारी फुटली, तारीख निघाली, आणि लग्नाला तीन आठवडे राहिले असताना तो मुलगा तापानं गेला. तीन दिवसांत गेला.

मग लोकांची तोंडं तुम्हाला ठाऊकच आहेत. मुलगी पांढऱ्या पायाची म्हणायला लागले. चार वर्षं एक स्थळ टिकेना. त्यातच एकदा दिवाळीला गोदा माहेरी आलेली, वेशीवरची ती गोष्ट तिच्या कानावर आली. चुलीपुढं बसलेली ती. तिथूनच म्हणाली, "दादा, तू तेव्हा दोन मिनिटं बसला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

एवढंच. लगेच तिनं डोळ्याला पदर लावला, म्हणाली, "जाऊ दे, मी काहीबाही बोलते." पण बोलून गेली ती गेली. सहदेवच्या छातीत ते खिळ्यासारखं बसलं.

बावन्न साली, वैशाखात, हेमाचं लग्न परत ठरलं. मुलगा टपालखात्यात. मुहूर्त सकाळी अकरा बावीसचा, चाळीच्या अंगणातच मांडव. गोदानं पत्र पाठवलं. आमच्या मास्तरांनी वाचलेलं, मी तिथंच होतो. लिहिलेलं, दादा, तू आदल्या दिवशी ये. हेमाला बोहल्यावर तूच आणायची, तिच्या मागं तूच उभं राहायचं. दुसरा कुणी मला चालणार नाही.

आता आदल्या दिवशी का गेला नाही? कारण पाट. हेमाला उभं राहायला त्यानं शिसवीचा पाट करायला घेतलेला. चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं ठोकलेली. शेवटचं फूल वाकडं बसलं, ते काढून परत बसवण्यात आदला दिवस गेला. म्हणाला, पहाटेच्या पॅसेंजरनं जातो, आठ-सव्वाआठला कल्याण, तिथून ठाणं कितीसं?

पहाटे निघताना विमलाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, स्वतः पुढं होऊन रस्ता मोकळा केला. दोन बायका पाण्याला निघालेल्या, त्यांना लांबूनच हातानं थांबवलं. सहदेव खांद्यावर पाट, घोंगडीत गुंडाळलेला, हातात पाण्याचा तांब्या, अशा थाटात स्टेशनला पोचला. घोटीचा तिकीटवाला ओळखीचा. ती पॅसेंजर कल्याणपर्यंतच, तर तिथवरचं तिकीट त्यानं न विचारता पुढं सरकवलं. सगळं यथास्थित.

सव्वाआठला कल्याण.

त्या वेळचं कल्याण तुमच्यातल्या जुन्यांनी पाहिलं असेल. फाळणी झालेली, विठ्ठलवाडीच्या पुढं निर्वासितांची छावणी पडलेली, स्टेशनात ही माणसं. ट्रंका, बाजा, कोंबड्या, रडकी पोरं. सहदेवनं एवढी माणसं जत्रेतसुद्धा पाहिली नव्हती. आणि जत्रेत माणसं एकाच देवाकडं तोंड करून असतात. इथं प्रत्येकाचं तोंड भलतीकडं. पाट कुणाला लागू नये म्हणून तो आडवा धरायचा, तर चौघांना लागायचा. "ओ मामा, दार घेऊन आलात काय घराचं?" असं एकानं म्हटलेलंही. सहदेव "माफी असावी" म्हणत तिकिटाच्या रांगेत लागला.

वीसेक मिनिटांनी खिडकी आली. आतला बाबू मान खाली घालून बसलेला. मान वर न करताच म्हणाला, "कुठे?"

सहदेवनं पुढं केलेले पैसे मागं घेतले.

"अहो, कुठे जायचंय?"

 सहदेवनं तोंड उघडलंच नाही. रांगेतून बाहेर पडला, भिंतीशी जाऊन खाली बसला, तांब्यातले दोन घोट प्यायला, खंडोबाचं नाव घेतलं, उठला, उजवा पाय टाकला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

हसा, हसा. म्हटलंच होतं.

या खेपेला त्यानं मनाशी ठरवलं, बाबूनं विचारायच्या आत आपणच सांगायचं. पुढचा माणूस हलला रे हलला की "एक ठाणं". तोंडात शब्द धरून उभा. पण पुढचा माणूस सिंधी, त्याची न् बाबूची सुट्ट्या पैशावरून जुंपलेली. ती मिटता मिटता बाबू चिडून त्याच्या खांद्यावरून ओरडला, "चला, पुढचे! कुठे?"

परत भिंत. परत तांब्या.

तिथं एक गृहस्थ हे बघत होते. त्र्यंबकराव नाव, डोंबिवलीला शाळेत शिकवायचे. काळी टोपी, हातात छत्री. मुलीला सासरी पोचवून परत निघालेले. ते जवळ आले, म्हणाले, "मंगल कार्याला निघालात वाटतं?"

सहदेवनं मान वर केली. या गावात आल्यापासून धड विचारणारा पहिला माणूस.

"होय साहेब. भाचीचं लग्न."

"मग द्या तिकिटाचे पैसे, मी काढतो. मला तुमचं गाव सांगू नका, फक्त स्टेशन पुटपुटा." आणि हसले. तिकीट आणून दिलं, वर म्हणाले, "एक सांगू का? राग मानू नका. तो खिडकीतला माणूस दिवसाला हजार लोकांना हेच विचारतो. म्हणून काय हजारांचं वाटोळं होतं?"

"हजारांचं मला ठाऊक नाही साहेब," सहदेव म्हणाला. "माझ्या एका भाचीचं झालेलं मी बघितलंय."

 

एक गाडी तोवर गेलेली. दुसरी साडेनऊच्या सुमाराला मिळाली. त्र्यंबकरावांनी त्याला हाताला धरून डब्यात चढवलं, पाट बाकाखाली सरकवून दिला. तिकीट तपासनीस लांबून येताना दिसला तर स्वतःच पुढं होऊन दोघांची तिकिटं दाखवली, का, तर त्यानं काही विचारू नये. डोंबिवली आली. उतरताना म्हणाले, "आता दिवा लागेल, मग मुंब्रा, मग डोंगर आणि खाडी. खाडी ओलांडली की तुमचं ठिकाण. मध्ये कुठेही हलू नका. दहा वाजता पोचाल, चांगला तासभर हातात आहे." आणि छत्री हलवत गेले. सहदेव मला सांगायचा, तो माणूस आणखी वीस मिनिटं सोबत असता तर माझा जन्म वेगळा झाला असता.

डोंबिवलीला एक आगरी बाई चढलेली. भाजीची पाटी उतरवून ती दारापाशीच बसली. अंगानं भक्कम, तोंडानं मोकळी. तिचा पाय बाकाखाली पाटाला लागला. तिनं वाकून बघितलं, घोंगडीचं टोक उचललं, पितळेची फुलं दिसली. कौतुकानं म्हणाली, "आगो बाय, काय सोन्यावानी पाट हाय! कुठं चाललास रं बाबा ह्यो घेऊन?"

मायेनं विचारलं बिचारीनं. पण सहदेवच्या तोंडचं पाणी पळालं.

आता काय करणार? आधीच बसलेला, मग खाली काय बसायचं? चालत्या गाडीत परत निघायचं कसं? माणूस थांबलाय पण गाडी त्याला घेऊन चाललीय, हे निघणं मोजायचं की नाही? गावात कुणाला हा प्रश्न पडलाच नव्हता. गावात माणूस पायानं निघतो. सहदेवनं विचार केला तो असा, की जमिनीवर पाय टेकल्याशिवाय निघणं होत नाही. आणि तेवढ्यात गाडी थांबली.

दिवा.

त्यानं पाट ओढून काढला आणि दारातून उतरला.

बाई ओरडली, "आरं बाबा, उतरतोस कुठं? ह्ये दिवा हाय! हितं काय हाय? तुला जायाचं कुठं?"

एका दमात तीन. सहदेवनं कानावर हात ठेवले. गाडी गेली. बाई दारातून हात करत होती, चढ, चढ म्हणून, ती दिसेनाशी झाली.

आजचं दिवा नका डोळ्यापुढं आणू, जंक्शनचं. त्या वेळी चारी बाजूंनी भातखाचरं, उन्हाळ्यात भेगा पडलेली, त्यापलीकडं मिठागरं, आणि मध्ये एक फलाट. माणूस म्हणून एक पोर्टर, कोकणातला. सहदेव फलाटावर बसला. तांब्या उलटा केला तर थेंब नाही.

पोर्टर आला. "पाणी हवंय? थांबा." मडक्यातनं अर्धा तांब्या भरून आणला. "जपून प्या हां मामा. इथलं पाणी खारं, गोडं कल्याणहून येतं आम्हाला."

सहदेव प्यायला, देवाचं नाव घेतलं, उठला, पाय टाकला. मग विचारलं, "गाडी?"

"आता पाऊण-एक तासानं. मध्ये एक मालगाडी आहे. का? घाई आहे?"

"अकरा बावीसचा मुहूर्त आहे. मी मामा आहे."

पोर्टरनं त्याच्याकडं बघितलं, पाटाकडं बघितलं. "मग उतरलात कशाला?"

सहदेवनं सांगितलं. तो पोर्टर हसला नाही बघा. डोक्याची टोपी काढून मान खाजवत म्हणाला, "आमच्याकडंही मानतात हे. पण आम्ही एकदा गाडीत बसलो की नाही मानत. चाकं फिरली की निघणं झालं. मग साऱ्या डब्यानं विचारलं तरी बाधत नाही."



"असं आहे होय?"

"आमच्यात तरी असं आहे."

"मला कुणी सांगितलंच नाही रे," सहदेव म्हणाला. आणि त्या उन्हात पाट मांडीशी घेऊन उभाच राहिला. पाटावर बसायचं नाही, नवरीचा पाट. फलाटावर बसवेना. पोर्टर दोनदा म्हणाला सावलीत या, हा गेला नाही. मालगाडी आली. डबे संपता संपेनात. मोजायला लागला आणि तीसवर मोजणं सोडलं.

गाडी मिळाली तेव्हा पावणेअकरा होऊन गेलेले. ठाण्याला उतरला तेव्हा स्टेशनचं घड्याळ अकरा दहा दाखवत होतं.

बारा मिनिटं, मंडळी. चरई काही लांब नाही. अजून सगळं हातात होतं.

बाहेर टांगे उभे. पहिलाच टांगेवाला रतन नावाचा, तरणा, गळ्यात रुमाल. चाबूक बगलेत मारून म्हणाला, "या काका! कुठं सोडू?"

सहदेव थांबला. गुडघे वाकलेसुद्धा, इतकी सवय झालेली त्या सकाळी. डावीकडं नळ होता. दोन मिनिटांचं काम. पण डोक्यात घड्याळाचा काटा. हेमा नटून बसली असेल, गोदा म्हणत असेल, आला नाही अजून. वाकलेले गुडघे त्यानं सरळ केले आणि टांग्यात चढला.

"चरई. हाण लवकर."

बसला नाही. पाणी प्यायला नाही. दिवसभरात पहिल्यांदा.

रतननं घोडा पळवला. पण जांभळी नाक्याला बाजार भरलेला, आणि त्यात दुसऱ्याच कुणाची वरात आडवी आलेली. बेंडवाले रस्त्याच्या मधोमध उभे राहून वाजवतायत, पुढं नाचणारे हटत नाहीत. रतन त्यांना शिव्या घालतोय, ते रतनला घालतायत. "अरे माझ्या टांग्यात नवरीचा मामा आहे!" "आमच्या वरातीत नवरा आहे, तुझा मामा थांबू दे!" असं चाललेलं. सहदेव टांग्यात उभा, पाट छातीशी.

चाळीच्या दारात टांगा आला तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. शेवटचं होतं. रस्त्यावरूनच ऐकू येत होतं.

त्यानं उतरायला एक पाय खाली सोडला, आणि बघितलं.

फाटकातून अंगण सरळ दिसत होतं. मांडवात अंतरपाट धरलेला. त्याच्या अलीकडं हेमा, हिरवं लुगडं, मान खाली. आणि तिच्या मागं एक माणूस उभा. शेजारचे हरिहरभाऊ. सहदेव त्यांना ओळखत होता, चाळीत गेला की त्यांच्या ओट्यावर पान खायचा. भला माणूस. डोक्यावर कुणाचा तरी उसना फेटा, सैल झालेला, एका हातानं सावरत होते.

नवरीची आई मंगलाष्टकं ऐकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ती तुळशीला पाणी घालत बसते. तर गोदा अंगणाच्या या टोकाला, तुळशीपाशी, मांडवाकडं पाठ करून. म्हणजे तोंड फाटकाकडं. हातात तांब्या, पाणी घालतेय. आणि घालता घालता तिनं मान वर करून फाटकाकडं बघितलं.

सहदेवनं पाय वर ओढून घेतला. टांग्याच्या टपाच्या आडोशाला झाला.

का? हे मी त्याला कितीदा विचारलं. वीस पावलांवर बहीण उभी. उशीर तर उशीर. फेटा हरिहरभाऊंच्या डोक्यावरून काढून याच्या डोक्यावर ठेवायला कितीसा वेळ? तो म्हणायचा, "माझ्या मनात एकच आलं. अठ्ठेचाळीस सालीही मी असाच न बसता निघालेलो. हे तेच पाय. हे पाय मी त्या मांडवात कसे टाकू? त्या मुलाचं काही झालं तर? गोदा मला परत विचारेल, दोन मिनिटं का नाही बसलास. तेव्हा मी काय सांगू?"

शेवटी "सावधान" झालं, अक्षता पडल्या, ताशे वाजले. गोदानं पुन्हा एकदा फाटकाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तांब्या पालथा घातला, डोळे पुसले आणि आत गेली.

सहदेवनं पाट रतनच्या हातात दिला.

"आत नेऊन दे."

"काय सांगू?"

"हेमाच्या मामाकडून म्हण."

"आणि मामा?"

"काही बोलू नको. देऊन ये."

"अहो काका, इथवर आलात, आत जेवायची पंगत बसतेय..."

"जा म्हटलं ना!"

रतन गेला. तो परत येईस्तोवर हा थांबला नाही. भाडं गादीवर ठेवून चालत स्टेशनकडं निघाला.

घरी विमलाबाईनं विचारलं, "झालं का सगळं नीट?" म्हणाला, "झालं." "वन्सं काय म्हणाल्या?" म्हणाला, "ती कामात होती." खोटं नव्हतं म्हणा.

महिन्याभरानं गोदाचं पत्र आलं. मास्तरांनी वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. सहदेव म्हणाला, वाचा. तिनं लिहिलेलं, पाट पोचला. टांगेवाल्याच्या हाती. दादा, तुला ठाण्यापर्यंत पाट पाठवता आला, स्वतःला येता आलं नाही? मी एकदा रागात बोलले ते तू इतकी वर्षं धरून ठेवलंस, आणि माझ्या मुलीच्या लग्नात काढलंस. हरिहरभाऊ परके, पण उभे राहिले. आता भाऊबीजेला मी येणार नाही. तूही येऊ नकोस.

मास्तर म्हणाले, "मी लिहितो उत्तर. खरं काय ते सांग." सहदेवनं मान हलवली. तेव्हा कुणालाच काही बोलला नाही. मला सांगितलं ते कितीतरी नंतर, एका दुपारी, आंब्याखाली बसून. म्हणाला, "खरं लिहिलं असतं तर तिला कळलं असतं की मी न बसता आलेलो. मग हेमाला जरा शिंक आली तरी तिच्या छातीत धस्स झालं असतं. त्यापेक्षा माझ्यावर राग धरू दे. रागानं कुणी मरत नाही. हेमाला मूल झालं, संसार लागला, की मग सांगेन. मग ती हसेल."

मी म्हटलं, "अरे येड्या, तुझी बहीण आहे ती. तू घाणीत पाय भरून आला असतास तरी तिनं आत ओढला असता."

 तर म्हणाला, "सकाळपासून मी वाईट चुकवण्यात होतो रे. ती नुसती वाट बघत होती. हे मला दारात उभं राहूनही कळलं नाही."

परवाच्या साली नाशकात प्रभाकरचा गिरणीतला एक सोबती भेटला. तो म्हणाला, हेमाला दोन मुलं आहेत. जावयाला बढती मिळाली. सगळं छान आहे. मी तसाच वाडीवर जाऊन सहदेवला सांगितलं. असा रडला म्हणता! दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं. सगळं, पहिल्यापासून. चरईच्या पत्त्यावर टाकलं. तीन आठवड्यांनी ते तसंच परत आलं, वर शिक्का, की या पत्त्यावर कुणी राहत नाही. गिरणीतली नोकरी सुटल्यावर प्रभाकरनं खोली सोडली म्हणतात. कुणी सांगतं कोलशेतच्या बाजूला खाडीजवळ राहतात, कुणी आणखी काही सांगतं. आणि सहदेवला स्वतः शोधायला जायचं म्हटलं तर आता त्याची नजर गेली. दोन्ही डोळे. रंधा सुटला, सगळं सुटलं. दारात बसतो आणि गाडीची शिट्टी ऐकतो.

तर मंडळी, तुमच्यातले कितीतरी जण ठाण्याचे आहात. कामाला जाता-येता, बाजारात, कोलशेतकडं कुणी असाल तर तिथं, जरा विचारा. गोदा, गिरणीतल्या प्रभाकर सुताराची बायको, पन्नाशीची असेल, उजव्या भुवईवर लहानपणचा व्रण आहे. सापडली तर तिला एवढंच सांगा: तुझा दादा आलेला. हरिहरभाऊंचा फेटा सैल झालेला आणि तू तुळशीला पाणी घालताना दोनदा फाटकाकडं बघितलंस, ते त्यानं बघितलंय. एवढं सांगा तिला, आणि ती काय म्हणाली ते मला येऊन सांगा.